रोजचं आणि आत्ताचं

“ही गोज... ही इज गोइंग. ही ईट्स... ही इज ईटिंग.”

न्हाणीघराच्या दाराला कान लावून आई उभी होती. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि त्यात आण्णांचं पुटपुटणं. आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“ऐक. मंत्र म्हणतायत का काय?”

“मंत्र नाही आई, इंग्रजी आहे.”

“इंग्रजी? ह्यांना?” आईचे डोळे मोठे झाले. “म्हणजे कायतरी बाधलंय बघ. रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जातात. कुठं निघालात विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करायला. पाय मोकळे करायला इस्त्री लागती व्हय?”

तेवढ्यात आतला आवाज थांबला. “कोण आहे दाराशी?” आण्णांनी आतूनच विचारलं. आई चटकन चुलीकडं वळली. मी तिथंच उभी राहिले, कारण आण्णांच्या तावडीतून पळून आजवर कोणी सुटलं नव्हतं.

माझे वडील एस.टी.च्या तपासणी पथकात होते. अधल्यामधल्या थांब्यावर गाडी अडवायची, दोन्ही दारं धरायची आणि एकेकाचं तिकीट बघायचं, असं त्यांनी उभं आयुष्य काढलं. विट्याहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांवर लोक त्यांना ओळखायचे, पण प्रेमानं कुणी नाही. आदल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि ती सगळी तपासणी घरावर आली. डॉक्टर ताप आहे म्हणाले तरी थर्मामीटर हातात घेऊन स्वतः बघायचे. नोकरीत असतानाही, मला दहावीला चांगले मार्क पडले होते, तेव्हा आनंद व्हायच्या आधी ते शाळेत जाऊन गुणपत्रिका माझीच आहे ना, हे विचारून आले होते. मुख्याध्यापक अजून ती गोष्ट सांगतात.

आणि अशा माणसाच्या घरात माझं लग्न ठरलं होतं.

मुलगा कराडचा. सुजय खराडे. इंग्लंडमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आदल्या डिसेंबरात सुट्टीवर आला, मला बघून गेला, आणि परत जायच्या आधी साखरपुडाही उरकला. गच्चीवर आम्हाला थोडा वेळ बोलायला दिलं होतं. स्वतःचा विनोद संपायच्या आधी तो स्वतःच हसायचा. मला तो आवडला होता. सरळ सांगायचं तर फार आवडला होता. तुळशीचं लग्न झालं की आमचं, असं ठरलं होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि शनिवारपासून माझं कशात लक्ष लागायचं नाही.

आण्णांना मात्र चैन नव्हतं. स्थळाची चौकशी करायला ते कराडला एक अख्खा दिवस राहून आले होते. आमच्याकडं चौकशी म्हणजे नुसतं विचारणं नव्हे. मुलाच्या गल्लीतल्या न्हाव्याकडं दाढी करायची, कोपऱ्यावर चहा घ्यायचा, देवळात बसायचं, शेजाऱ्याला तंबाखू द्यायची आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता मुलाचं नाव काढायचं. संध्याकाळी आण्णा परत आले ते तोंड उतरवून. आई लगबगीनं पुढं आली.

“काय कळलं?”

“एक माणूस वाईट बोलला नाही.”

“मग चांगलंच की!”

“चांगलं?” आण्णा चपला काढत म्हणाले. “भिंतीवरनं कोर्टात गेलेला शेजारी आहे त्यांचा. तोसुद्धा म्हणाला, मुलगा सोन्यासारखा. अगं, देवाबद्दलसुद्धा चार लोक वाईट बोलतात.”

आई हसली, मीही हसले. आण्णा हसले नाहीत. “आणि हे सगळे मुलगा इथं असतानाचं सांगतात. तिकडं तो कसा राहतो ते ह्यांना काय माहीत?” एवढं बोलून ते आत गेले. विषय मिटला असं आम्हाला वाटलं. गणपती उठले आणि हे न्हाणीघरातलं इंग्रजी सुरू झालं.

“तू जा त्यांच्या मागं,” आई त्या दिवशी मला म्हणाली. “माझी चाल ते लांबूनच ओळखतील. काय ते एकदा कळू दे.”

आईच्या मनात काय होतं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी आण्णा निघाले. मी ओढणी डोक्यावरून घेऊन पुष्कळ अंतर ठेवून चालत होते. खताच्या दुकानाशेजारच्या जिन्यानं ते वर गेले. वर मुळीक सरांचा इंग्रजी बोलायचा क्लास होता. मीही दबकत वर गेले आणि दाराच्या फटीतून बघितलं.

कॉलेजची पोरंपोरी बाकांवर बसली होती आणि पहिल्या बाकावर, एस.टी.त बसायचे तसेच ताठ, माझे वडील. मुळीक सर उत्साही माणूस. एकाला पुढं बोलावून ते काहीतरी करायला लावत आणि बाकीच्यांनी ते इंग्रजीत सांगायचं. एक पोरगा हवेतच कपडे धूत होता.

“व्हॉट इज ही डूइंग?”

“ही इज वॉशिंग!” सगळे ओरडले.

“आणि हे तो रोज करत असला तर?”

“ही वॉशेस!”

मग जोड्या पाडल्या. आण्णांच्या जोडीला एक बारीकशी मुलगी आली. आण्णांनी तिला विचारायला सुरुवात केली. तू कुठं राहतेस, एकटी राहतेस का, रोज कॉलेजला जातेस का, आत्ता तुझे वडील काय करतायत. इंग्रजी मोडकंतोडकं, पण आवाज तोच गाडी अडवल्यानंतरचा. मुलगी घाबरून उत्तरं देत होती. तिची पाळी आली आणि तिनं विचारलं, तर आण्णा सरांकडं वळले.

“हे नको.”

“काका, उत्तरंही द्यायची असतात,” सर हसत म्हणाले.

“मला कोण विचारणार आहे? मला फक्त विचारायला शिकवा.”

सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. ‘एकटी राहतेस का’ हा प्रश्न ऐकला आणि माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला.

क्लास सुटेपर्यंत मी खाली जिन्यापाशी थांबले. आण्णा मला बघून दचकले नाहीत.

“आईनं पाठवलं?”

“तुम्ही सुजयची चौकशी करणार आहात. इंग्रजीत.”

“हां.”

“कुणाकडं?”

“तो राहतो त्या घराची मालकीण आहे. म्हातारी बाई. अडीअडचणीला म्हणून त्यानं तिचा नंबर दिलाय बघ.”

“तो अडीअडचणीला दिलाय, आण्णा! आणि एवढंच होतं तर मला सांगायचं. मला येतं की इंग्रजी.”

आण्णा चालायला लागले. “तू कशी विचारणार? तू पक्षकार. पक्षकाराची साक्ष धरत नाहीत.”

“म्हणजे माझ्यावरसुद्धा भरवसा नाही तुमचा?”

“तुला तो आवडतो,” आण्णा म्हणाले. “आवडत्या माणसाचं तिकीट कोण बघतंय?”

मला इतका राग आला की रस्त्यातच रडू येईल असं वाटलं. मी म्हटलं, त्यांच्या घरी हे कळलं तर लग्न मोडेल. आण्णा म्हणाले, मोडू दे. मी म्हटलं, रविवारी मी सुजयला सगळं सांगणार. आण्णा म्हणाले, सांग, मग मला कळेल तू कुणाच्या बाजूची. थोड्या वेळानं मात्र त्यांचा आवाज खाली आला.

“हे बघ वैजू. गाडीत माणसाला विचारलं, कुठं चढलास, तर तो पाठ केलेलं गाव सांगतो. मग मी तिकीट सोडून दुसरंच बोलायचो. तिकडं पाऊस आहे का, पुलाचं काम चाललंय का. तिथं तो अडखळतो. रोजचं माणूस पाठ करून ठेवतं. आत्ताचं पाठ करायला वेळ मिळत नाही. मला ती दोनच वाक्यं पाहिजेत. रोज काय करतो आणि आत्ता काय करतोय. दोन्ही जुळली की मी गप्प.”

“आणि नाही जुळली तर?”

आण्णा पावलं उचलत पुढं निघाले. आईला मी घरी जाऊन सांगितलं की आण्णा वेळ जात नाही म्हणून इंग्रजी शिकतायत. आईला इतकं हायसं वाटलं की तिनं त्या संध्याकाळी शिरा केला.

रविवारी सुजयचा फोन आला. मी त्याला काहीच सांगितलं नाही. आण्णांवर रागावले होते तरी त्यांची खोड मला चिकटली होती, हे मला नंतर कळलं. मी सहज विचारावं तसं विचारलं, “तुझा दिवस कसा असतो रे?”

तो भराभरा बोलायला लागला. सकाळची गाडी, ऑफिस, कॉफीचं मशीन, त्याचा साहेब, संध्याकाळची गाडी. मला हे सगळं आवडायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे मी आधीही ऐकलंय. याच क्रमानं, याच शब्दांत.

“आणि आत्ता काय करतोयस?” मी विचारलं.

फोनमध्ये शांतता पसरली.

“आत्ता? काही नाही. बसलोय.”

“कुठं?”

“असंच. बसलोय गं.” मग तो हसला, पण विनोद केलाच नव्हता.

फोन ठेवला तेव्हा आण्णा दारात उभे होते. मी तशीच त्यांच्या शेजारून आत निघून गेले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. एका साध्या प्रश्नाला माणूस एवढा का थांबतो? शेजारी कोणी होतं का? कोणी बाई? मनात एकदा असलं काही शिरलं की जुनं सगळं उकरून निघतं. साखरपुड्यात प्रत्येक प्रश्नाला त्याचे वडील, आप्पाच का उत्तर देत होते? कॅमेरा आहे म्हणाला होता, तर ऑफिसचा एकही फोटो त्यानं आजवर का पाठवला नव्हता?

म्हणून दोन दिवसांनी दुपारी आण्णा बाजारातल्या फोनच्या बूथवर निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना अडवायला जातेय, असं मी स्वतःला सांगत होते. आण्णांनी मुद्दाम कामाचा वार निवडला होता. तिकडं सकाळ असणार, जावई ऑफिसला गेलेला असणार आणि म्हातारी घरात एकटी. काचेच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत आम्ही दोघं कसेबसे मावलो. आण्णांनी टोपी काढून खिशात घातली आणि नंबर फिरवला.

पलीकडून बाईचा आवाज आला. आण्णा ताठ झाले.

“डझ सुजय लिव्ह इन युवर हाउस?”

होकार आला. आण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

“डझ ही लिव्ह अलोन?”

पुन्हा होकार, पण जरा सावकाश.

“डझ ही गो टु ऑफिस एव्हरी डे?”

या वेळी होकार आला नाही. मग बाईनं काहीतरी विचारलं. मला रिसीव्हरमधून अर्धवट ऐकू येत होतं. ती विचारत होती, आपण कोण बोलताय?

 हा प्रश्न त्यांनी धरलाच नव्हता. पन्नास माणसांच्या गाडीत त्यांना आजवर एकानंही उलटून विचारलं नव्हतं की तुम्ही कोण. त्यांनी सगळे प्रश्न पाठ केले होते आणि एकही उत्तर शिकले नव्हते.

“आय ॲम... आस्किंग,” ते म्हणाले.

बाईनं पुन्हा विचारलं, आता जरा घाबरून.

“आय ॲम फादर,” आण्णा म्हणाले. कुणाचा, ते सांगायला त्यांच्याकडं शब्द नव्हते.

त्यासरशी पलीकडचा आवाजच बदलला. बाई भडाभडा बोलायला लागली. आण्णांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, काचेबाहेर बघितलं आणि पक्षकाराच्या हातात दिला.

“काय म्हणते बघ.”

ती आण्णांना सुजयचे वडील समजली होती आणि मला बहुतेक बहीण. मी ते दुरुस्त केलं नाही. ती म्हणाली, बरं झालं तुम्ही फोन केलात, मी रोज वाट बघत होते. त्याच्या कंपनीनं बरीच माणसं काढली, त्यात तोही गेला. फेब्रुवारीतच. पण त्यानं मला सांगितलं नाही, बाहेरून कळलं. अजूनही रोज सकाळी तो टाय बांधतो, बॅग घेतो आणि ऑफिसला जातो म्हणून निघतो. मीही त्याला म्हणते, दिवस चांगला जावो. आम्ही दोघंही रोज एकमेकांशी खोटं बोलतो. मग तिचा आवाज बारीक झाला. एकदा बसमधून तो तिला दिसला होता, नदीच्या काठी बाकावर. दुसऱ्यांदा ती मुद्दाम बघायला गेली. तोच बाक, मांडीवर बॅग. तो ज्या तऱ्हेनं पाण्याकडं बघत बसतो ते मला आवडत नाही, ती म्हणाली. तुम्ही त्याचे वडील आहात. काहीतरी करा.

“काय?” आण्णांनी माझा दंड धरला. “काय म्हणाली?”

“नोकरी गेलीय, आण्णा. केव्हाच गेलीय.”

विनातिकीट माणूस सापडला की आण्णांच्या तोंडावर जे यायचं ते आलं. लहानपणी त्यांच्याबरोबर गाडीतून जाताना मी ते पुष्कळदा बघितलं होतं आणि त्याची मला लाज वाटायची. आता ते संबंध गाडीला ऐकू जाईल असं ओरडणार, खराड्यांना ओरडणार, कराडच्या न्हाव्यापासून सगळ्यांना ओरडणार, असं मला वाटलं.

मग मी त्यांना नदीचं सांगितलं.

ते तोंडावरचं गेलं. कुठं गेलं कळलं नाही. आण्णांनी विचारलं, “आत्ता कुठं आहे तो?”

मी बाईला विचारलं. ती म्हणाली, वरच आहे, टाय बांधतोय. निघेल आता.

“बोलाव म्हणावं त्याला.”

जिन्यावरून धावत येणारी पावलं फोनमध्ये ऐकू आली. आण्णांनी रिसीव्हर घेतला.

“हॅलो? आप्पा? काय झालं?” सुजयचा आवाज मला रिसीव्हरबाहेरूनही ऐकू आला.

“मी विट्याहून बोलतोय. वैजूचा बाप.”

तिकडून पाठ केलेलंच उत्तर आलं. “काका... मी ऑफिसलाच निघालोय. गाडी चुकेल माझी.”

आण्णांकडं आता सगळं होतं. रोजचं होतं आणि आत्ताचंही होतं. दोन्ही जुळत नव्हतं. एवढ्यासाठीच तर ते रोज क्लासचा जिना चढत होते. मी डोळे मिटून घेतले.

“चुकू दे,” आण्णा म्हणाले. “टाय काढ, पोरा. आज कुठं जाऊ नको.”

मी डोळे उघडले. रिसीव्हरमधून रडणं येऊ लागलं. मोठ्या माणसाचं, आवरता न येणारं.  आण्णा अधूनमधून नुसतं “हं” म्हणत राहिले. कुणाला पुढचा प्रश्न न विचारता एवढं ऐकून घेताना मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी फोन मला दिला.

“वैजू, मी सांगणार होतो,” सुजय म्हणाला. “पण तारीख धरली, आप्पांनी भावकीत सगळ्यांना सांगितलं, मग सांगताच येईना. आता परत आलो तर लोक विचारतील, का आलास? काय सांगू?”

मला त्याचा राग आला होता. दर रविवारी तो साहेब, ते कॉफीचं मशीन! मी म्हटलं, “आणि लग्न करून मला तिकडं नेऊन काय सांगणार होतास?”

“तिथपर्यंत मी विचारच केला नव्हता.”

ते तो इतक्या साधेपणानं म्हणाला की माझा राग तिथंच थिजला. लग्नाच्या दिवसापर्यंतचा विचारच त्यानं केला नव्हता.

बूथमधून बाहेर पडल्यावर आम्ही घरी गेलो नाही. एस.टी. स्टँडच्या मागं एक दगडी कट्टा होता, तिथं आण्णा बसले.

“त्याला परत आणलं पाहिजे,” ते म्हणाले. “त्याला यायला कारण पाहिजे. ऐकल्यावर माणसं पुढं विचारत नाहीत असलं कारण.”

“खरंच सांगू त्यांच्या घरी.”

“आप्पा आधी विश्वास ठेवणार नाही. मग फोन करून त्यालाच झापंल. बैठकीत पोराच्या आधी पोराची नोकरी पुढं करत होता तो माणूस. तू बघितलंस की.” आण्णांनी खिशातली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “लग्न मोडलं, पोरगं खचलं, सगळं टाकून घरी आलं. मग नोकरीचं कोण विचारतंय? उलट डोक्यावरनं हात फिरवतील.”

“आणि लग्न कुणी मोडायचं?”

“मी. माझ्यापाशी कारण तयार आहे. सगळ्या तालुक्याला म्हाईत आहे, मी कसा माणूस आहे ते.”

मला कळायला थोडा वेळ लागला. 

“पण नाव तुझंही खराब होईल,” आण्णा म्हणाले. “साखरपुडा मोडलेली पोरगी. पुढं स्थळ आलं की ह्याचीच चौकशी होईल. आणि तुला तो आवडतो. म्हणून विचारतोय. नाही म्हणालीस तर दुसरं काय तरी बघू.”

स्टँडवर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. आण्णा वाट बघत राहिले. तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं फिरवून त्यांनी विचारला नाही. मला आमची गच्चीवरची भेट आठवत होती, आणि कधी न बघितलेला तो नदीकाठचा बाकही दिसत होता.

“मोडा,” मी म्हटलं.

“आईला सांगू नको. मनानं चांगली आहे ती, पण संध्याकाळपर्यंत तुझ्या मावशीला कळंल आणि सकाळी कराडला.”

“नाही सांगणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा आईला घेऊन कराडला गेले. तिथं काय झालं ते मला आईनं रडत रडत सांगितलं. आण्णांनी चहासुद्धा घेतला नाही. उभ्या उभ्या म्हणाले, मुलगा चांगला आहे, घराणं चांगलं आहे, खोट माझ्यात आहे. माझा कुणावर भरवसा बसत नाही. पोरगी एवढ्या लांब द्यायला मन घेत नाही. हे लग्न मी मोडतोय. सुजयची आई ओक्साबोक्शी रडली. आप्पा खराड्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आण्णांना काय काय सुनावलं. संशयाचा रोग आहे म्हणाले, पोरीला जन्मभर घरात ठेवून तिचीच तपासणी करत बसा म्हणाले. आण्णा हात जोडून ऐकत होते. साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत देऊन दोघं पायी स्टँडवर आले.

सुजय नवरात्रात परत आला. तोपर्यंत आण्णा रोज दुपारी पाय मोकळे करायला बाहेर पडायचे आणि बूथवरून त्याच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते मला कधी कळलं नाही. सुजयला कराडात कुणी काही विचारलं नाही. विट्याच्या त्या चेकरनं पोराचं वाटोळं केलं, असं म्हणून लोकांनी त्याला जपलं. आता तो तिथल्याच कॉलेजात शिकवतो, बायकामुलांत सुखी आहे असं ऐकते. तो परत आल्यावर आमचं जुळेल, अशी वेडी आशा मी काही दिवस धरली होती. पण एकदा मोडलेलं पुन्हा जोडायचं तर लोकांना पुन्हा कारण द्यावं लागलं असतं, आणि ते आमच्यापैकी कुणापाशी नव्हतं. माझं लग्न पुढं झालं, उशिरा झालं. तोवर आलेली स्थळं चहाच्या टपरीवर आण्णांबद्दल ऐकून परस्पर माघारी जायची. आण्णांनी त्याबद्दल कधी कुणाशी वाद घातला नाही.

पण त्या दिवसाचं सांगते. कराडहून परत आल्यावर आण्णा पडवीत भिंतीला टेकून बसले. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. सबंध प्रवासात ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

“आता तरी सांगा,” आई म्हणाली. “काय खोट सापडली त्या पोरात?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“नाही. मला भरवसा वाटला नाही, एवढंच.”

“तुम्हाला कुणाचा कधी वाटलाय?” आई म्हणाली. “बायकोचा नाही वाटला. पोटच्या पोरीचा नाही वाटला. सोन्यासारखं स्थळ तुमच्या संशयापायी घालवलंत. पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही.”

“हो,” आण्णा म्हणाले.

मी त्यांच्या पाठीमागं स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात पाण्याचा तांब्या होता. मी एक शब्द बोलले असते तर आई तिथंच मटकन खाली बसली असती आणि आण्णांचे पाय धरले असते. तो शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता.

मी काही बोलते की काय, हे बघायला आण्णांनी मानसुद्धा वळवली नाही.